ती टिकटिक एसीची नाही गं

अगं, दोह्याच्या मदिनत खलीफात बस्तान बसतंय न बसतंय तोच तू जुना अमेरिकन पिकअप घेतलास. घेतलास तो घेतलास, त्यावर मी बोलणार नाही. पण काल निघताना बॉनेटखालून टिकटिक येत होती आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढत होती. एसीची म्हणून सोडू नकोस. एखादा स्पार्क प्लग सैल असेल.

आपल्याकडचे बहुतेक ट्रक डिझेलवर चालतात, त्यांना स्पार्क प्लग नसतोच. म्हणून "प्लग उडाला" म्हटलं तर माहेरी कुणाला पटायचं नाही. पण फोर्डची ट्रायटन इंजिनं यासाठी बदनाम आहेत. १९९७पासूनच्या पहिल्या काही वर्षांतली ४.६ आणि ५.४ लिटरची व्ही-८, तशीच ६.८ लिटरची व्ही-१०. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि प्लगला धरायला जेमतेम चार आटे. दोन हजार आरपीएमला एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार वेळा पेट्रोल पेटतं. प्लग जरा ढिला असला की दर धक्क्याला हलतो, मऊ आटे खातो आणि एक दिवस इग्निशन कॉइलसकट फाडकन बाहेर येतो. तुझ्या गाडीत कोणतं इंजिन आहे ते आधी बघ. २००४नंतरचं तीन व्हॉल्व्हवालं ५.४ असेल तर तऱ्हा उलटी: तिथे प्लग काढतानाच मोडतो.

प्लग तपासायचे तर इंजिन पूर्ण गार हवं. इथल्या उन्हाळ्यात दोन तासांत गार होईल असं समजू नकोस. गाडी रात्रभर ठेव आणि पहाटे मेस्त्रीकडे ने. प्लगच्या खळग्यातली धूळ आधी हवेने उडवायला सांग, इथे वाळूला तोटा नाही. प्लग हातानेच लावायला सुरुवात करायची आणि शेवटी टॉर्क पाना. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, मेस्त्रीच्या मनगटात नाही. केबिनच्या भिंतीला खेटलेल्या मागच्या प्लगांपर्यंत हात नीट पोचत नाही, म्हणून त्यांच्याबाबत हलगर्जीपणा होतो. तिथे तू उभी राहा, लाजू नकोस. आट्यांना ग्रीससारखं काही फासू देऊ नकोस. त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो.

आणि सलवा रोडवर मोठा आवाज होऊन गाडी भकभकायला लागली तर? कडेला घे आणि बंद कर. "घर जवळच आहे" म्हणून रेटू नकोस. उघड्या भोकातून पेट्रोलमिश्रित हवा बाहेर फेकली जाते, तिथे गरम इंजिन आणि ठिणगी, आगीला आणखी काय हवं? रिकव्हरी बोलाव आणि सनायाला, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, ने.

तिथे कुणी म्हणेल, "मॅडम, नवीन प्लग घट्ट बसवतो." नाही म्हण. आटे गेलेत, आता भोक मोठं करून, नवे आटे पाडून धातूची बुश बसवायला हवी. तारेच्या वेटोळ्यापेक्षा अखंड बुश मला बरी वाटते. बहुतेकदा हेड न उतरवता हे होतं, पण चुरा धरून ठेवायला टॅपला ग्रीस लावूनच आटे पाडायचे आणि चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. सिलिंडरमध्ये राहिला तर भिंती ओरबाडतो. उडालेल्या प्लगवरची कॉइलही तपासून घे. आणि एका भोकाचं काम निघालंच आहे, तर उरलेले प्लगही त्याच दिवशी टॉर्क पान्याने बघून घे, नाहीतर पुढच्या शुक्रवारी दुसरा उडेल आणि मलाच फोन करशील.