हौद्यातली दुसरी टाकी

मी सांगली जिल्ह्यातला, पण गेली बरीच वर्षं सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. भूजलाच्या बोअरची कामं घेतो, त्यासाठी युटा आणि नेवाडाच्या वाळवंटात हिंडावं लागतं. डिझेल पिकअप आणि मागे ३,६०० किलोंचा ट्रेलर. गाडीची मूळ टाकी १२० लिटरची. ट्रेलर ओढताना लिटरला साडेचार किलोमीटर पडतात, म्हणजे जेमतेम ५४० किलोमीटर. इथे ग्रीन रिव्हरपासून सलायनापर्यंत महामार्गावरच सुमारे १७७ किलोमीटर पंप नाही, आणि आमची कामं तर महामार्ग सोडून आत असतात. म्हणून हौद्यात १९० लिटरची जादा टाकी बसवली. ती वापरताना जे कळलं, ते पुढच्या माणसाच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो.

१. लिटर मोजायच्या आधी किलो मोजा. डिझेल लिटरला साधारण ८४० ग्रॅम भरतं. १९० लिटरचे झाले १६० किलो, वर ॲल्युमिनियमची टाकी ४५ किलो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल ते लिहिलेलं असतं. माझ्या गाडीवर ९५० किलो होते. ट्रेलरच्या दांड्याचा भार ४३० किलो, टाकी २०५, आम्ही दोघं १६०, हत्यारं १२०. बेरीज ९१५. मी आधी ३०० लिटरची टाकी घेणार होतो. कागदावर आकडे मांडले आणि बेत सोडला. टाकीच्या आत आडवे पत्रे आहेत का, तेही बघून घ्या. ते नसतील तर वळणावर डिझेल हिंदकळतं आणि गाडीची मागची बाजू ओढल्यासारखी होते.

२. डिझेल बाहेर जायला हवं तर हवा आत यायला हवी. लहानपणी ट्रॅक्टरसाठी बॅरलमधून डिझेल काढताना आमच्या घरातले वडीलधारे अण्णा म्हणायचे, “आधी दुसरं बूच सैल कर.” इथेही तेच. टाकीला श्वास घ्यायला वाट नसेल तर आत निर्वात होऊन धार बंद पडते. मात्र ती वाट साध्या भोकाची नको. गाडी उलटली तर आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह तिथे हवाच. यात पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आणि टाकी काठोकाठ भरू नका. पहाटे भरलेलं डिझेल दुपारच्या उन्हात फुगतं.

३. कॉक बंद केल्याशिवाय मूळ टाकीचं झाकण उघडू नका. माझी टाकी उतारावर चालते, मध्ये पंप नाही. तिच्या तळातून निघालेली नळी मूळ टाकीच्या भरायच्या पाइपाला जोडलेली आहे. खालची पातळी उतरली की वरचं डिझेल आपसूक खाली येतं. मूळ टाकीचं झाकण घट्ट असतं तोवर आत कोंडलेली हवा त्याला थोपवून धरते. हे मला ठाऊक होतं. तरी नोव्हेंबरात नेवाडातल्या ईली गावी, थंडीचं औषध घालायला म्हणून मी घाईत झाकण फिरवलं. वरची टाकी पाऊण भरलेली, कॉक उघडा. डिझेल पाइपाच्या तोंडातून बाहेर आलं, चाकावरून ओघळून काँक्रीटवर पसरलं. कॉकपर्यंत हात पोचायला काही सेकंद लागले, तेवढ्यात दहा-बारा लिटर गेलं. पंपावरच्या माणसाने न बोलता शोषून घेणारी भुकटी आणली, आम्ही दोघांनी मिळून ते झाडलं. शेजारच्या गाडीत लहान मुलं बसली होती. तेव्हापासून कॉकच्या दांड्याला लाल पट्टी आहे, आणि गाडीची किल्ली खिशात टाकायच्या आधी माझा हात त्या दांड्यावर जातो.

४. टाकी नवी असली तरी धुऊन घ्या. माझ्या टाकीत ॲल्युमिनियमचा कीस निघाला, तोही तीनदा डिझेल फिरवून काढल्यावर. जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाने असा कचरा थोडाफार पचवला असता. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल दोन हजार बारपर्यंतच्या दाबाने इंजेक्टरमध्ये जातं. तिथे केसाएवढा तुकडाही पंप आणि इंजेक्टर दोन्ही घेऊन जातो, आणि दुरुस्तीचं बिल टाकीच्या किमतीच्या कित्येक पट येतं. म्हणून दोन टाक्यांच्या मध्ये वेगळा फिल्टर लावला. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी किंवा जीआय पाइप या कामात चालत नाही. जस्ताशी संयोग होऊन साबणासारखा चिकटा तयार होतो आणि तो इंजेक्टरमध्ये बसतो.

५. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपा. हौद्याच्या पत्र्याखाली ब्रेकच्या नळ्या आणि वायरी जातात. सायलेन्सरही तिथेच असतो. काजळी जाळायची वेळ आली की त्यातला धूर साडेपाचशे अंशांच्या वर तापतो. डिझेलची नळी त्याच्यापासून लांबून न्या.

६. काटा फसवतो. वरून डिझेल येत असतं तोवर काटा भरलेलाच दिसतो. तो हलायला लागला म्हणजे दुसरी टाकी संपली. तिथून पुढचा पंप ५४० किलोमीटरच्या आत असायला हवा.

७. उन्हाळ्याचं डिझेल हिवाळ्यात ठेवू नका. इंजिनातून परतणाऱ्या गरम डिझेलने मूळ टाकी थोडी ऊबदार राहते. हौद्यातली टाकी वाऱ्यात उघडी. सप्टेंबरात भरलेलं डिझेल डिसेंबरात उणे वीस अंशांत मेणासारखं घट्ट झालं आणि नळी तुंबली. आता ऑक्टोबरात ती टाकी रिकामी करतो आणि हिवाळी डिझेल भरतो.

८. कामाच्या जागी जनरेटरसाठी लाल रंगाचं, करमाफ डिझेल असतं. ते रस्त्यावरच्या गाडीत घालणं इथे गुन्हा आहे. दंड किमान हजार डॉलर, नाहीतर गॅलनला दहा डॉलर, यातला जो मोठा तो. रंगाचा डाग टाकीत टिकून राहतो, म्हणून अडचणीतही घेऊ नका.

९. भाच्याचा गावाहून फोन आला, “मामा, माझ्या बोलेरो पिकअपलाही बसवू का?” नको म्हणालो. आपल्याकडे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. शिवाय त्याच्या रोजच्या वाटेवर दर थोड्या अंतराने पंप आहे. मला ही टाकी वाळवंटाने घ्यायला लावली.

१०. मागच्या उन्हाळ्यात अण्णा इथे आले होते. पहिल्याच सकाळी कोरडं फडकं घेऊन गाडीखाली वाकले. ट्रॅक्टरच्या नळ्यांवरून रोज हात फिरवायचे, तसाच एकेका जोडावर फिरवत गेले. मूळ पाइपाच्या जोडापाशी थांबले आणि फडक्यावरचा रुपयाएवढा ओला डाग मला दाखवला. “पाना आण,” म्हणाले. मी क्लॅम्प अर्धा फेरा आवळला.