अडलेली धमनी एमआरआयमध्ये कशी दिसते

पाड्यावर ज्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तो अर्धांगवायू. बहुतेक वेळा मेंदूची धमनी गुठळीने बंद झालेली असते, काही वेळा ती फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. पण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिले, तर ते जिवावर बेतेल. म्हणून आधी तपासणी.

रक्तस्राव सीटी स्कॅनमध्ये चटकन कळतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तोच आधी काढतात. पण धमनी बंद होऊन तास-दोन तासच झाले असतील, तर सीटीत मेंदू जवळजवळ ठीक दिसू शकतो. एमआरआय इथे उपयोगी पडतो. त्यात क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओलहरी शरीरातल्या पाण्यावरून चित्र घडवतात. रक्त थांबले की पेशी सुजतात, त्यांतल्या पाण्याची हालचाल मंदावते आणि ‘डिफ्युजन’ चित्रात ती जागा थोड्याच वेळात पांढरी उमटते. दुसऱ्या एका चित्रात वाहते रक्त उजळ दिसते. उजळ रेघ जिथे तुटते, तिथे अडथळा.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘फ्लेअर’ नावाचे चित्र. त्यात डाग उमटायला काही तास लागतात. डिफ्युजनमध्ये डाग आहे आणि फ्लेअरमध्ये अजून नाही, तर घटना बहुधा ४.५ तासांच्या आतली. इंजेक्शनची नेहमीची मुदतही तेवढीच. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे लुळा सापडला, तर वेळ कोण सांगणार? युरोपात अशा रुग्णांची या दोन चित्रांवरून निवड करून इंजेक्शन दिले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत अधिक रुग्ण चांगले सावरले. रक्तस्रावाचा धोका मात्र थोडा वाढला. तेव्हा ‘कधी झालं ठाऊक नाही’ म्हणून कोणाला घरी ठेवू नका.

आपल्या दुर्गम भागांतून एमआरआय दूरच असतो. त्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात आधी पोहोचावे. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून द्यावी. जोडवी, कडी, गळ्यातले, कमरेचे, सगळे वाटेतच उतरवावे. धातू अंगावर ठेवून एमआरआयच्या खोलीत जाता येत नाही, आणि वर्षानुवर्षे घट्ट बसलेले कडे तिथे कापत बसण्यात वेळ जातो. पेसमेकर असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.