मावशीची मतपत्रिका

(ऑक्टोबर २०२४. सिएटल शहराचं उत्तर टोक. लोहगावहून आलेला भाचा आणि तीस वर्षांपूर्वी इथे येऊन आता इथली नागरिक झालेली मावशी. टेबलावर पोहे, चहा आणि टपालाने आलेलं एक जाड पाकीट.)

भाचा : हे काय गं? बँकेचं पत्र?

मावशी : मतपत्रिका. या राज्यात ती टपालानेच येते. घरी बसून भरायची, पाकिटावर सही करायची आणि पेटीत टाकायची.

भाचा : म्हणजे राष्ट्राध्यक्ष पोहे खाताखाता निवडायचा!

मावशी : त्याला मला मिनिटभरही लागत नाही, ते कधीच ठरलंय. वेळ जातो तो खालच्या ओळींवर. ही बघ : सिएटल शहर, प्रस्ताव क्रमांक १. रस्ते, पूल आणि फुटपाथ यांच्यासाठी आठ वर्षांत १५५ कोटी डॉलर घरपट्टीतून गोळा करायचे का? मंजूर की नामंजूर?

भाचा : थांब, थांब. घरपट्टी वाढवू का, हे महापालिका तुला विचारते? आणि लोक ‘वाढव’ म्हणतात?

मावशी : २०१५ साली म्हणाले होते. तेव्हा ९३ कोटींचा प्रस्ताव होता, नऊ वर्षांचा. तो आता संपतोय म्हणून हा नवा. आणि महापालिका काही हौसेने विचारत नाही. नवी बांधकामं सोडली, तर घरपट्टीचं एकूण उत्पन्न वर्षाला एक टक्क्यापेक्षा जास्त वाढवायला राज्याचा कायदा आडवा येतो. डांबराचे भाव काय एक टक्क्याने वाढतात? मग लोकांच्या दारात यावंच लागतं.

भाचा : म्हणजे हे कर्ज झालं.

मावशी : नाही, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. तुझ्या आजोबांनी घर कसं बांधलं, आठवतं? यंदा दोन खोल्या, बोनस मिळाला की वरचा मजला. हा प्रस्ताव तसला. कर जसा जमेल तसा खर्च. कर्जरोख्यांचं तसं नाही, ते तुझ्या फ्लॅटसारखं. पैसे आज एकरकमी हातात, हप्ते पुढची वीस-तीस वर्षं. गुंतवणूकदार रोखे विकत घेतात आणि त्यांच्या व्याजावर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही, म्हणून शहराला कर्ज स्वस्तात मिळतं. ते फेडायला जादा घरपट्टी लावायची, तर मतदारांना विचारावं लागतं आणि तिथे निम्म्याहून एक मत जास्त मिळून भागत नाही. साठ टक्के लागतात.

भाचा : साठ का?

मावशी : कर्ज फेडणारी निम्मी माणसं अजून शाळेत असतात ना! त्यांच्या डोक्यावर ओझं ठेवायचं तर आजच्यांचं एकमत जरा घट्ट हवं. कागदावर बरोबरच आहे. पण त्याची किंमत या शहराने कशी मोजली ते ऐक. चहा घे आधी.

१९६८ चा फेब्रुवारी. जिम एलिस नावाचा इथला एक वकील. निवडणूक कधीच लढवली नाही, पण अख्खं शहर त्याचं ऐकायचं. त्याच्या आधी दहा वर्षं, लेक वॉशिंग्टन तळ्यात जाणारं मैलापाणी थांबवण्यासाठी त्यानेच लोकांना मतदानाला उभं केलं होतं. आता त्याने डझनभर प्रस्ताव एकदम आणले. नाव ‘फॉरवर्ड थ्रस्ट’. बागा, मत्स्यालय, अग्निशमन, रस्ते, स्टेडियम आणि सगळ्यात मोठा म्हणजे मेट्रो रेल्वे. मेट्रोसाठी इथल्यांनी ३८.५ कोटी डॉलरचे रोखे काढायचे, बाकीचा मोठा वाटा केंद्राकडून. १९८५ पर्यंत सगळं पुरं करायचं.

भाचा : आणि लोकांनी पाडलं.

मावशी : नाही ना! ५०.८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. बहुमत होतं, आणि तरी प्रस्ताव पडला. बागांना साठ टक्के मिळाले, स्टेडियमला मिळाले. गाडीला नाही.

भाचा : क्रिकेटचं मैदान पास आणि मेट्रो नापास. आपलीच माणसं म्हणायची!

मावशी : १९७० मध्ये पुन्हा विचारलं. तोवर बोइंगमध्ये हजारोंनी माणसं कमी होत होती. ज्याची नोकरीच जायला आली तो वाढीव कराला कसा हो म्हणेल? या वेळी निम्मीही मतं पडली नाहीत. केंद्राने सिएटलसाठी ठेवलेले जवळजवळ ९० कोटी डॉलर अटलांटाला गेले. तिथल्या मतदारांनी १९७१ साली विक्रीकरात एक टक्का वाढ मंजूर केली, १९७९ मध्ये गाडी धावली. आमच्याकडे पहिली गाडी २००९ साली आणि माझ्या नॉर्थगेट स्टेशनवर २०२१ साली. मी चाळीस मिनिटं बसमध्ये उभी राहायचे, तेव्हा त्या ५०.८ टक्क्यांची फार आठवण यायची.

भाचा : मग स्टेडियमचं तरी सोनं झालं का?

मावशी : किंगडोम म्हणायचे त्याला. १९७६ साली उघडलं. १९९४ मध्ये छताचे तुकडे खाली पडले, दुरुस्तीसाठी आणखी कर्ज काढलं. मग २००० च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडलं. आणि हप्ते सुरूच! दुरुस्तीचं कर्ज धरून शेवटचा हप्ता २०१५ साली गेला. मैदान नाहीसं होऊन पंधरा वर्षं झाली होती. तो पैसा बराचसा हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांच्या करातून आला, त्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

भाचा : म्हणजे मतदान घेतलं तरी शहाणपण येतंच असं नाही.

मावशी : नाहीच येत. पण लोकांनी घेतलेल्या निर्णयाचे सगळे पुरावे राहतात, ते मला आवडतं. १९९८ मध्ये ग्रंथालयांसाठी १९ कोटी ६४ लाखांचे रोखे मंजूर झाले. काल तुला काचेची ती तिरपी इमारत दाखवली ना, ती त्यातलीच. कोणत्या वर्षी, कोणत्या वाक्याला ‘हो’ म्हटलं, ते मला सांगता येतं. तुम्हाला येतं?

भाचा : पुण्याने २०१७ मध्ये कर्जरोखे काढले होते. २०० कोटी, चोवीस तास पाण्यासाठी, व्याज ७.५९ टक्के. कौतुक झालं, मुंबई शेअर बाजारात नोंदणी झाली. आम्हाला कुणी विचारलं नाही. मुख्य सभेत ठराव झाला, संपलं.

मावशी : ठराव करणारे तुम्हीच निवडलेले होते, हे विसरू नकोस. तीही एक पद्धत आहे, वाईट नाही.

भाचा : होते! मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत. अडीच वर्षं झाली, प्रशासकच अंदाजपत्रक मांडतो आणि प्रशासकच मंजूर करतो.

मावशी : हं. मग मी काही बोलत नाही. पोहे घे अजून.

भाचा : पण मला एक सांग, प्रस्तावात लिहिलेलं काम झालंच नाही तर?

मावशी : होतं असं. २०१५ च्या प्रस्तावात सात मार्गांवर जलद बसचं आश्वासन होतं. तीन वर्षांनी महापालिकेनेच हिशोब मांडून सांगितलं की सगळं जमणार नाही. देखरेखीला नागरिकांची समिती असते, ती विचारत राहते. तिच्या हातात काठी मात्र नसते. खरी काठी पुढचं मतदान. हे पुस्तक बघ, मतदानाआधी घरोघर येतं. एकीकडे बाजूने, दुसरीकडे विरोधात, दोघांना सारखीच जागा. मी विरोधकांचं आधी वाचते.

भाचा : आणि भाडेकरू? घरपट्टी ते भरत नाहीत, मत मात्र देतात.

मावशी : विरोधकांचा हा लाडका मुद्दा. घरमालक काय कर आपल्या खिशातून भरतो? पुढच्या वर्षी भाडं वाढतं. मी इथे नऊ वर्षं भाड्याने काढली आहेत, मला नको सांगूस.

भाचा : टोलने फेडता येत नाही का सगळं?

मावशी : गोल्डन गेट पूल तसाच बांधला. १९३० साली सहा काउंट्यांच्या मतदारांनी साडेतीन कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, त्यासाठी आपली घरं-शेतं तारण ठेवली. पूल १९३७ मध्ये उघडला, रोखे १९७१ मध्ये फिटले. मुद्दल नि व्याज, सगळं टोलमधून.

भाचा : आणि टोल बंद झाला?

मावशी : छे! अजून आहे. देखभाल, बससेवा... कारणं संपत नाहीत.

भाचा : वा! अगदी घरी आल्यासारखं वाटलं. बरं, तू यंदा काय करणार? मंजूर?

मावशी : तेच ठरत नाहीये. ८५व्या रस्त्याच्या उत्तरेचा हा भाग १९५० च्या दशकात शहरात घेतला. तुमच्या समाविष्ट गावांसारखाच.

भाचा : लोहगाव २०१७.

मावशी : मग तुला कळेल. शहरात येऊन सत्तर वर्षं झाली, अजून कितीतरी गल्ल्यांना फुटपाथ नाहीत. प्रत्येक प्रस्तावात फुटपाथ असतात, दर वेळी काही होतात, माझी गल्ली राहते. यंदाही यादी आहे. चष्मा दे, बघू नाव आहे का.

भाचा : आहे?

मावशी : गल्लीचं नाव नाही. ‘परिसर’ असं लिहिलंय... ऊठ, बूट घाल. पेटी चार चौक सोडून आहे, चालत जाऊ. कडेकडेने चाल, गाड्या जोरात येतात इथे.

भाचा : आणि मतपत्रिका?

मावशी : पेन घेतलंय. तिथे पोहोचेपर्यंत ठरेल.