दोन हातांच्या मधला वेळ

दत्तजयंती तोंडावर आली होती. अंबडचा दत्तजयंतीचा संगीत महोत्सव हे आमच्या गावाचं वर्षभराचं कौतुक. अशा वेळी गुरुजींनी आपला मिरजेचा तानपुरा माझ्याकडे दिला. तबलीवरचं पॉलिश विटलं होतं. ‘‘घाई करू नकोस बाळा,’’ एवढंच म्हणाले. मी सुतार, दारं-कपाटं पॉलिश करून हात बसलेला. ‘‘चार दिवसांत देतो,’’ म्हणून बसलो.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चपडा लाखेची बाटली घरात होती. तीच काढली. दोन हात छान चढले. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकटत नव्हतं, म्हणून २२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. दहा-बारा फेऱ्यांत पेपर जड लागू लागला. उलटून पाहिला तर त्यावर लाखेच्या मोहरीएवढ्या गाठी धरलेल्या, आणि तबलीवर त्यांचे ओरखडे. ते घालवायला जोर लावला, तर तबली भोपळ्याला मिळते त्या कडेवरचा रंग उडाला आणि पेराएवढं कोरं लाकूड उघडं पडलं. वरून रंग दिला, तर कोऱ्या लाकडानं तो जास्त प्यायला आणि काळपट डाग उठला. गुरुजींनी त्यावरून अंगठा फिरवला, बोलले काहीच नाहीत.

चूक बाटलीपासून सुरू झाली होती. स्पिरिटमधली लाख महिनोन्महिने राहिली की बिघडते. वरून सुकल्यासारखी दिसते, आत मऊच राहते. म्हणून लागेल तेवढीच भिजवा आणि बाटलीवर तारीख घाला. पातळ हातासाठी लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम लाख पुरते. शंका असेल तर आधी काचेच्या तुकड्यावर एक हात देऊन दुसऱ्या दिवशी नखानं दाबून पाहा. नख रुतलं तर ती लाख वाद्याला लावू नका.

दुसरी गोष्ट, घासायचं कशासाठी ते ओळखा. लाखेचा नवा हात खालच्या हाताला थोडा विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे पकडीसाठी घासावं लागत नाही. बसलेली धूळ आणि उंचवटे काढण्यापुरतंच घासायचं. व्हायोलिनवाले तेलाचं व्हार्निश वापरतात, तिथे वाळलेला थर विरघळत नाही, म्हणून पुढचा हात धरायला पृष्ठभाग हलका खरवडावा लागतो. फर्निचरच्या सवयीनं मी लाखेवर तेच करत होतो.

आता मी तीन-चार पातळ हात झाल्यावर निदान दोन दिवस थांबतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, त्या दिवशी हातच देत नाही. पेपर ४०० चा, तोही दोन तुकडे एकमेकांवर घासून धार बोथट केलेला. तबलीवर बुचाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, भोपळ्याच्या गोलाईवर नुसत्या बोटांनी. कडा आणि कोरीव पानं यांना पेपर लावतच नाही. तिथे थर सगळ्यात पातळ असतो. पेपरवर पहिली गाठ दिसली की थांबायचं आणि वाळायला आणखी दिवस द्यायचे. खिडकीचा उजेड आडवा घेऊन पाहतो. सगळीकडे सारखी मंद झाक आली की पुरे. भुकटी कोरड्या मलमलनं टिपतो; स्पिरिटचा बोळा फिरवला तर केलेलं सगळं पुसलं जातं.

आणि तारा, घोडी आधीच उतरवून कापडात बांधून ठेवा. घोडीवरची जवारी हाच तानपुऱ्याचा प्राण. तिथे पेपरची भुकटी गेली, तर चकाकी कितीही आली तरी आवाज बसतो.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गुरुजींनी मुद्दाम बोलावून सांगितलं. तानपुरा भिंतीशी उभा होता. कडेवरचा डाग अजून तसाच आहे. तो खरवडून पुन्हा करू का, असं मी दोनदा विचारलं आहे. तबली आणखी पातळ होईल, म्हणून ते नको म्हणतात.