शीतगृहाचें छपरावरील यंत्र : वापर, निगा व सावधगिरी

द्राक्षें पिकविणाऱ्या भागांत, विशेषतः नाशिक व सांगली या जिल्ह्यांत, शीतगृह ही आतां नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. कोठें एकट्या बागाइतदाराचें, कोठें चारपांच भागीदारांचें, तर कोठें सोसायटीचें, अशीं लहानमोठीं शीतगृहें ठिकठिकाणीं झालेलीं आहेत. तें बांधतांना भिंतींची जाडी, दाराची बनावट व पेट्यांच्या रांगा यांचा आपण पुष्कळ विचार करतों. परंतु ज्या यंत्राच्या जोरावर आंतील खोली थंड राहते, तें पुष्कळ ठिकाणीं वर स्लॅबवर बसविलेलें असतें. आणि जें डोळ्यांआड असतें त्याकडे लक्ष जात नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे. खालीं थंडावा मिळत आहे तोंपर्यंत वर कोणी चढत नाहीं. थंडावा बंद पडला म्हणजे सर्वच घाईनें चढतात. या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. पहिलीनें माल जातो, व दुसरीनें माणूस जाण्याची वेळ येते.

प्रस्तुत लेखक यंत्रविद्येचा जाणकार नव्हे. मुलकी खात्यांत कारकुनी करून निवृत्त झाल्यावर गांवच्या भागीदारीच्या शीतगृहाची नोंदवही सांभाळण्याचें काम मजकडे आलें. मिस्त्री लोकांस विचारून, यंत्राबरोबर येणारीं माहितीपत्रकें वाचून, व कांहीं आमच्याच चुकांपासून जें शिकतां आलें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

यंत्राचें काम

वेलीवरून काढलेला घड जिवंत असतो. त्याचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो, ओलावा उडून जातो, देठ सुकून तपकिरी पडतो व मणी गळूं लागतात. हवा जितकी उष्ण तितकी ही झीज जलद. म्हणून काढणीनंतर कांहीं तासांच्या आंतच घडाची उष्णता काढून घेऊन तो ४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं आणावा लागतो. व पुढील साठवण ० अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेंत करावी लागते.

हें काम करणारें यंत्र थंडी निर्माण करतें, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. यंत्र उष्णता उचलून बाहेर टाकतें. विहिरींतलें पाणी मोटेनें उपसून थारोळ्यांत ओतावें, तशीच ही क्रिया आहे. खोलींतील नळ्यांच्या जाळींत द्रवरूप वायूची वाफ होते व ती वाफ होतांना खोलीची उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून वरच्या जाळीकडे पाठवितो. ही वरची जाळी म्हणजे कंडेन्सर. तेथें पंख्याच्या वाऱ्यानें उष्णता बाहेरच्या हवेंत निघून जाते व वाफेचा पुन्हां द्रव होतो. मग हा द्रव एका बारीक झडपेंतून खोलींत परत येतो. म्हणजे कॉम्प्रेसर हा बैल, वायु ही मोट, आणि छपरावरील जाळी हें थारोळें होय.

हा दृष्टांत ध्यानांत ठेविला म्हणजे निगेचे सर्व नियम आपोआप समजतात. विहीर जितकी खोल तितका बैलाला ताण अधिक. वरची जाळी धुळीनें बुजली, किंवा तिच्याभोंवतालची हवा कोंडून तापली, कीं विहीर खोल झालीच म्हणून समजावें. काम तेवढेंच राहतें, पण वीज अधिक जळते, कॉम्प्रेसर तापतो, आणि शेवटीं ऐन हंगामांत तो बसतो.

यंत्राची ताकद टनांत सांगतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तितक्याच वेळांत काढून नेण्याची ही शक्ति असून ती सुमारें ३.५ किलोवॉट भरते. हा टन अमेरिकन, म्हणजे २,००० पौंडांचा आहे. पेटीच्या वजनाशीं त्याचा संबंध नाहीं, हें भाव ठरवितांना विसरूं नये.

एक प्रसंग

आमच्या शीतगृहांत घडलेली एक गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. मार्च महिन्यांतील दुपार होती. वाऱ्यानें उडालेला प्लॅस्टिकचा एक तुकडा वरच्या पंख्याच्या जाळींत जाऊन अडकला होता, व पंखा घरघरत होता. इतक्यांत वीज गेली. कामावरील एक तरुण, आतां यंत्र बंदच आहे असें समजून, शिडीनें वर गेला व वरची जाळी सैल करून आंत हात घातला. चारपांच मिनिटांत वीज परत आली. खालीं कोणी बटण दाबलें नाहीं, कोणी कांहीं केलें नाहीं; पंखा आपण होऊन सुरू झाला. त्या मुलाच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं.

त्या दिवसाची नोंद माझ्याच हातची आहे. “पंखा चाळीस मिनिटें बंद, माल सुरक्षित,” एवढेंच मीं लिहिलें होतें. पेट्यांना रकाना होता, तापमानाला रकाना होता. वर चढणाऱ्या माणसाला रकाना नव्हता. ही चूक कोणा एकाची नव्हे, पण वही माझी होती.

या प्रसंगापासून मुख्य धडा हा कीं, वीज गेली म्हणजे यंत्र बंद झालें असें नव्हे. तें वीज येण्याची वाट पाहत असतें. वीज असतांनाही खोली पुरेशी थंड झाली कीं यंत्र थांबतें व खोली तापूं लागली कीं पूर्वसूचना न देतां सुरू होतें. शिवाय जनरेटर असेल तर वीज दोन वाटांनीं येऊं शकते, हेंही विसरतां कामा नये.

कुलपाचा नियम

म्हणून आम्हीं पुढील नियम केला, व तो प्रत्येक शीतगृहानें करावा अशी विनंति आहे.

१. छपरावर, यंत्राच्या अगदीं जवळ, वीज पूर्णपणें तोडणारा मोठा स्विच असावा व त्यास कुलूप घालण्याची सोय असावी. लाईनची वीज असो कीं जनरेटरची, ती या एकाच स्विचांतून यंत्राकडे गेली पाहिजे.

२. जो वर काम करील त्यानें स्वतः स्विच पाडावा, स्वतः कुलूप घालावें, व किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवावी. दोघे काम करीत असल्यास दोन कुलपें घालावीं. किल्ली दुसऱ्याजवळ देऊं नये. मालक असला तरी देऊं नये.

३. “माणूस वर आहे” अशी पाटी खालच्या पॅनेलवर लावावी.

४. कुलूप घातल्यावर टेस्टरवर विसंबून न राहतां, जाणत्या वायरमनकडून मीटरनें वीज नसल्याची खात्री करून घ्यावी. कपॅसिटरमध्यें वीज तोडल्यावरही कांहीं काळ भार राहतो. म्हणून पेटींतील तारांस मिस्त्रीवांचून कोणी हात लावूं नये.

५. काम संपल्यावर जाळ्या व झांकणें पूर्ववत् बसवून, सर्व माणसें खालीं उतरल्याचें पाहून, मगच ज्याचें कुलूप त्यानेंच तें काढावें.

छपरावर जातांना

शिडी पक्की बांधलेली असावी. टेकून ठेवण्याची असेल तर चार हात उंचीस एक हात या बेतानें तिचा पाया भिंतीपासून दूर ठेवावा, आणि तिचें वरचें टोंक छपराच्या कडेपेक्षां तीन फूट तरी वर यावें. यंत्र छपराच्या कडेजवळ असेल तर तेथें कठडा करून घ्यावा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊं नये. पत्रा वरून धड दिसतो व पायाखालीं फुटतो. एकट्यानें वर जाऊं नये. आभाळ भरून आलें असतां, विजा चमकत असतां, अथवा स्लॅब ओला असतां काम पुढें ढकलावें. द्राक्षें पुन्हां पिकतात.

वायूविषयीं

यंत्रांतील वायु कोणता, हें त्याच्या नामपट्टीवर लिहिलेलें असतें. जुन्या यंत्रांत आर-२२ हा वायु आढळतो. आकाशांतील ओझोनच्या थरास तो अपाय करितो, म्हणून १९८७ सालच्या माँट्रियल करारान्वयें त्याचा वापर क्रमाक्रमानें बंद होत आहे. जुनें यंत्र विकत घेणाऱ्यानें हा विचार अगोदर करावा. नामपट्टीवर एक वायु लिहिला असतां दुसरा भरूं नये. आर-२९० हा तर प्रोपेनच असून तो पेट घेतो.

येथें एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. वायु हा डिझेलप्रमाणें खर्च होणारा पदार्थ नाहीं. बंद नळींत तो वर्षानुवर्षें फिरत राहतो. तेव्हां “दरवर्षीं गॅस भरावाच लागतो” असें कोणी म्हणेल तर तें मानूं नये. वायु कमी झाला याचा अर्थ तो कोठें तरी गळत आहे. सांध्यापाशीं तेलाचा डाग दिसला कीं गळती तेथेंच शोधावी. साबणाच्या फेसानें ती सांपडते. गळती बुजविल्याखेरीज वायु भरणें म्हणजे फुटक्या हौदांत पाणी सोडणें होय. गळती तपासण्यासाठीं दाब द्यावयाचा तो कोरड्या नायट्रोजनचा द्यावा. ऑक्सिजन कधींही वापरूं नये; तेलाशीं त्याचा संयोग होऊन स्फोट होतो.

हे वायु बहुधा हवेपेक्षां जड असतात व बंद खोलींत तळाशीं सांचून माणसाचा श्वास कोंडतात. ज्योतीशीं संबंध आल्यास त्यांतील कित्येकांपासून विषारी धूर होतो. म्हणून गळतीचा संशय येतांच दार उघडून बाहेर यावें व विडीकाडी दूर ठेवावी. मोठ्या शीतगृहांत अमोनिया असतो. त्याच्या उग्र वासानें तो ओळखतां येतो, परंतु डोळे व फुफ्फुसें यांस तो फार घातक असल्यामुळें तेथें शिकलेल्या माणसावांचून कोणी हात घालूं नये.

निगेचें वेळापत्रक

दररोज : खोलीचें तापमान पाहावें, यंत्राचा आवाज ऐकावा, विजेचा दाब व तिन्ही फेजचे अँपिअर लिहावे. एक फेज गेली असतां मोटार जळते, हें पंपाच्या अनुभवानें आपणांस ठाऊकच आहे. सिंगल फेज प्रिव्हेंटर येथेंही अवश्य असावा. यंत्र बंद पडल्यास तें पुन्हां पुन्हां लगेच चालूं करूं नये. पांच मिनिटें तरी थांबावें.

आठवड्यास : कुलूप घालून वरची जाळी पाहावी. पाला, पिसें, प्लॅस्टिक काढावें. यंत्राभोंवतीं रिकामे क्रेट रचण्याची खोड कित्येक ठिकाणीं असते, ती मोडावी. यंत्रास हवा घेण्यास व सोडण्यास मोकळी जागा पाहिजे.

महिन्यास : जाळी साध्या पाण्याच्या हलक्या धारेनें, आंतून बाहेरच्या दिशेस धुवावी. जोराच्या धारेनें तिच्या पातळ पात्या वांकतात, व तीव्र आम्लानें त्या खातात. विजेच्या पेटीवर पाणी उडूं देऊं नये. खोलींतील जाळीवर बर्फ साठल्यास तें सुरीनें खरवडूं नये. एका टोंचणीनें सर्व वायु जातो. सांडपाण्याची नळी मोकळी आहे कीं नाहीं तें पाहावें.

हंगामापूर्वीं : तारांचे सांधे, अर्थिंग, पंख्याचे बेअरिंग, पायाचे बोल्ट व रबरी गाद्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्या. कॉम्प्रेसरच्या तळाशीं तेलास ऊब देणारा हीटर असल्यास, यंत्र चालविण्यापूर्वीं २४ तास त्याची वीज सुरू ठेवावी. बंद काळांत वायु तेलांत मिसळलेला असतो. थंड यंत्र एकदम सुरू केल्यास तेल फेसाळून निघून जातें व आंतील भाग कोरडे घासतात. खोलीचें दार आंतून उघडणारी कडी चालते कीं नाहीं, हें दार बाहेरून बंद करून प्रत्यक्ष पाहावें. त्या वेळीं बाहेर दुसरा माणूस उभा असावा.

पावसाळ्यांत : यंत्र चहूंबाजूंनीं प्लॅस्टिकनें गुंडाळूं नये. आंत दमटपणा राहून गंज चढतो, व उंदीर घर करून तारा कुरतडतात.

नोंदवही

तारीख, वेळ, खोलीचें तापमान, विजेचा दाब, अँपिअर, यंत्र किती तास चाललें, व सही, एवढे रकाने पुरे आहेत. समजा, पेट्या तितक्याच, तापमान तेंच, पण यंत्र पूर्वीं पंधरा तास चालत असे तें आतां वीस तास चालूं लागलें. तर विहीर खोल होत चालली हें वहीच सांगते, व यंत्र बसण्यापूर्वीं जाळी धुण्यास सवड मिळते. परंतु नोंद पाहून लिहावी. घरीं बसून लिहिलेली पीकपाहणी जशी निरुपयोगी, तशीच ही.

या रकान्यांच्या शेवटीं आमच्या वहींत आतां आणखी तीन रकाने आहेत : वर कोण गेला, कुलूप कोणाचें, व केव्हां उतरला. तिसरा रकाना भरल्याखेरीज खालचा स्विच कोणी लावीत नाहीं. कुलपास व या रकान्यांस मिळून जो खर्च येतो, तो द्राक्षाच्या एका पेटीच्या किंमतीहून फारसा अधिक नाहीं. तो वेळींच झाला असता, तर तो मुलगा आज छाटणीची कात्री डाव्या हातानें धरावयास शिकत नसता.