फॉरमॅट मारण्याआधी

नाशिक

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, घरचा कॉम्प्युटर सारखा अडकतोय, आतून टक टक आवाज येतोय, आणि बंड्या रविवारी त्याला फॉरमॅट मारणार आहे. तिने सहज सांगितलं, पण माझी झोप उडाली. फोनवर तू ‘हो काका, हो काका’ म्हणतोस आणि मनातलंच करतोस, म्हणून कागदावर लिहितोय. वाचून होईपर्यंत त्या यंत्राला हात लावू नकोस.

तू म्हणशील, विंडोज सी ड्राइव्हला आहे, बाबांचं सगळं डीला; सी पुसला तर डीचं काय जातं? ही समजूत माझ्या दुकानात रोज यायची. अरे, सी आणि डी या एकाच डिस्कवर आखलेल्या हद्दी आहेत. डिस्कच आजारी पडली तर हद्दीला कोण विचारतो? आणि सगळं डीला आहे हे तुला कुणी सांगितलं? दादा फाइल डेस्कटॉपवर ठेवतो, आणि डेस्कटॉप सीलाच असतो. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे, पाहिलंस? मजुरीची बिलं, सायझिंगवाल्याचा हिशेब, व्यापाऱ्यांकडची येणी, सगळं त्यात आहे. जीएसटीच्या कायद्याने हिशेबाची पुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. नोटीस आली तर ‘पोराने फॉरमॅट मारला’ हे उत्तर देणार का दादा?

पण हिशेब एक वेळ पुन्हा उभा करता येईल. तुझ्या आजोबांच्या, आबांच्या आठवणींचं काय? शेवटच्या आजारपणात ते सांगत होते आणि दादा रात्री माग बंद झाले की टाइप करत होता, हे तुला माहीत असायला हवं. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईचं काम भिवंडीकडे वळलं, तेव्हा आबांनी गिरणीतून भंगारात निघालेले माग कसे आणले, ते त्यात आहे. आणि ते लिखाण युनिकोडमध्ये नाही, श्री-लिपीत आहे. फाइल वाचली आणि फाँट गेला, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाँट सीला असतात. कॉम्प्युटरच्या मागे श्री-लिपीचं डोंगल लावलेलं आहे, ते जुना पेनड्राइव्ह समजून काढून फेकू नकोस.

आता त्या आवाजाविषयी. तुमच्याकडे खाली माग चालतात तेव्हा वरच्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. त्या टेबलावर मिनिटाला 7200 फेरे घेणारी डिस्क आहे, आणि तिचं वाचणारं टोक तबकडीपासून मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास अधांतरी असतं. त्यात कापसाचा तूस पंख्यात अडकून आतली हवा तापते. शिवाय आबांचा तो जुना हट्ट, यूपीएस कशाला! 2007 साली टोरंट पॉवरकडे वीजवितरण जाण्याआधीच्या भारनियमनात दिवे जायचे तेव्हाही ते हेच म्हणायचे. अशाने झिजलेली डिस्क फॉरमॅटने बरी होत नाही. क्विक फॉरमॅट म्हणजे वाचनालयाची सूची फाडून कोरी वही ठेवणं; पुस्तकं कपाटातच असतात, फक्त सापडत नाहीत. फुल फॉरमॅट मात्र व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये सगळ्या जागेवर शून्यं लिहून टाकतो. त्यानंतर कोणताही डेटा रिकव्हरीवाला हात वर करतो. विंडोज टाकताना घाईत सगळी पार्टिशन्स डिलीट केलीस, तर डीसुद्धा गेला.

आणि रात्रभर चेकडिस्क लावून झोपलास म्हणे! वहिनी हे कौतुकाने सांगत होती. टकटकणाऱ्या डिस्ककडून रात्रभर कोपरा न कोपरा वाचून घ्यायचा म्हणजे तिला मरणाच्या दारात ढकलायचं. इतकं शिकून एवढंही कळू नये? कधी कधी दोष नुसत्या साटा केबलचा असतो, ती बदलली की अडकणं थांबतं. पण टक टक केबलमधून येत नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ उघडून स्मार्टचे आकडे बघायला पाच मिनिटं लागतात. ते न बघता सरळ फॉरमॅट!

रागावलो, मनावर घेऊ नकोस. खरं सांगू, हा राग तुझ्यावरचा नाही. तुझ्या वयात मला मागांचा आवाज नकोसा झाला होता. मी लॅमिंग्टन रोडला सुटे भाग विकायला गेलो, मग नाशिकला दुकान टाकलं आणि हुशार ठरलो. दादा तिथेच राहिला. आबांचं आजारपण त्याने काढलं, मी सणावारी पेढे घेऊन आलो. आबा सांगत होते तेव्हा टाइप करायला खरं तर मी बसायला हवं होतं, मला दोन्ही हातांनी येत होतं. दादाने एका बोटाने केलं. म्हणून ती डिस्क मला जपायची आहे, आणि ती तुझ्यावर ओरडून जपायला निघालो.

फॉरमॅट मारू नकोस, एवढंच पुन्हा सांगतो. यंत्र बंद करून प्लग काढून ठेव. रविवारी सकाळच्या एसटीने मी निघतो, रांजनोली नाक्याला उतरेन, तू स्कूटर घेऊन ये. नवी डिस्क मी आणतोय. आधी जुनीची जशीच्या तशी प्रत काढू, दादाकडून एकेक फाइल उघडून खात्री करून घेऊ, एक प्रत माझ्याकडे नाशिकला राहील. मग नव्या डिस्कवर विंडोज तूच टाक, मी नुसता शेजारी बसतो. तुझा हात चांगला आहे, वहिनीचा मोबाइल तू दुरुस्त केलास ते मला कळलंय.

तोवर एक कर. संध्याकाळी दादाजवळ बस आणि विचार, त्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे. तो आधी टाळेल, मग सांगत सुटेल. तेवढं ऐकून घे.

तुझा,
काका