घरच्या सर्व्हरचा मदरबोर्ड: भाव दुकानात, खर्च मीटरवर

घरच्या सर्व्हरसाठी मदरबोर्ड घेताना दुकानदाराला भाव विचारण्याआधी स्वतःचं विजेचं बिल काढून बघा. सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो, म्हणजे एका वॅटमागे वर्षाला पावणेनऊ युनिट जळतात.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन, डेटा सेंटरमधून निघालेले झिऑन ई५ व्ही३-व्ही४ पिढीचे सेकंडहँड बोर्ड बघून मोह होतो. त्यांना लागणारी जुनी रजिस्टर्ड मेमरीही तुलनेने स्वस्त पडते. पण असा संच काही काम नसतानाही ९० वॅट घेतो असं धरा आणि सी२४६ चिपसेटचा, एका प्रोसेसरचा संच ३० वॅट. फरक ६० वॅटचा, वर्षाला ५२५ युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तर सव्वापाच हजार रुपये. नवा बोर्ड दहा हजारांनी महाग असला, तरी दोन वर्षांत फिटतो. शिवाय महावितरणच्या घरगुती दरात ही भर तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडते. महिन्याला २६० युनिट वापरणारं घर ९० वॅटच्या सर्व्हरमुळे ३०० च्या पुढे, म्हणजे पुढच्या महाग टप्प्यात जातं.

मग साधाच बोर्ड का नको? कारण ईसीसी मेमरी. मेमरीत एखादा बिट उलटला तर ती तो दुरुस्त करते. साध्या मेमरीत तीच चूक गुपचूप फाइलमध्ये लिहिली जाऊ शकते. घरातले फोटो या एकाच ठिकाणी राहणार असतील, तर इथे काटकसर करू नका, आणि वेगळा बॅकअपही ठेवाच.

सी२४६ चिपसेटचाच, सुपरमायक्रोचा एक्स११एससीएच-एफ मला घरासाठी चांगला वाटतो: आठ साटा पोर्ट, दोन लॅन, १२८ जीबीपर्यंत मेमरी. त्यावर आय३-९१०० बसवला तरी ईसीसी चालते. त्याच पिढीच्या आय५ वर मात्र नाही. मेमरी अनबफर्ड ईसीसीच घ्या, रजिस्टर्ड त्यात चालत नाही. बोर्डाइतकाच मेमरीचाही भाव आधी विचारा, बजेट बहुधा तिथेच कोलमडतं.

नावातला ‘एफ’ म्हणजे आयपीएमआय. त्यामुळे मॉनिटर न जोडता दुसऱ्या खोलीतून बायोस उघडता येतो, बंद पडलेला सर्व्हर सुरू करता येतो. त्यासाठीची चिप सतत काही वॅट घेते, पण सर्व्हर माळ्यावर असेल तर हा खर्च रास्त आहे. आयपीएमआयचं पोर्ट मात्र इंटरनेटला कधीही उघडं ठेवू नका. असे बोर्ड मंद फिरणारा पंखा बिघडलेला समजून सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतात. आयपीएमआयमधून पंख्याच्या किमान वेगाची मर्यादा खाली आणली की आवाज थांबतो.

सेकंडहँड घेताना सॉकेटमधल्या पिना टॉर्चने तपासा आणि बोर्डाचं माप कॅबिनेटशी जुळवा. डेल-एचपीच्या सर्व्हरमधून काढलेल्या बोर्डांचे पॉवर कनेक्टर बऱ्याचदा वेगळे असतात, ते टाळाच. आयपीएमआयचा पासवर्ड विक्रेत्याकडून मागून घ्या, आणि समोर बूट करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.